बेचाळीस पाट्या

रत्नागिरीत शैवालपालकाचे घर कुणाला विचारत बसावे लागत नसे. ज्या घराच्या एका खिडकीतला दिवा कधीच विझत नाही, ते पालकाचे घर. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की परगावच्या पाहुण्याला पत्ता सांगताना 'दिव्याच्या घरावरून डावीकडे वळा' असे सहज सांगत.

निनाद पेडणेकरांच्या खिडकीतला दिवा एकोणीस वर्षे अखंड चालू होता. त्याच्याखाली चार फूट लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी, टाकीत प्रवाळाचे खडक आणि खडकांवरून पसरलेली, पिसांसारख्या पानांची गडद हिरवी मोरपिशी. टाकीच्या काठावर पितळी पाटी होती: 'पूर्णगड, मादी'.

एके काळी मोरपिशी हे हौशी लोकांच्या दिवाणखान्यातले शोभेचे शेवाळ होते. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ते हवे तेवढे मिळे. मग अरबी समुद्र लागोपाठ तीन उन्हाळे असा तापला की खडक उघडे पडले. तिसऱ्या उन्हाळ्याच्या आधी सागरी वनस्पती केंद्राच्या माणसांनी बेचाळीस खाड्या आणि कातळांवरून एकेक फांदी कापून आणली. प्रत्येकीचा एक तुकडा कागदावर दाबून, वाळवून कपाटात ठेवला. जिवंत फांद्या केंद्राच्या हौदात टिकेनात, म्हणून त्या बेचाळीस अशा घरांत वाटल्या, जिथे आधीपासून अशी टाकी होती आणि टाकीला जीव लावणारे कुणीतरी होते. ज्या जागेची फांदी त्या जागेचे नाव, आणि तपासणीत कळलेले नर किंवा मादी, एवढे पाटीवर रंगवले.

निनादराव जिल्हा ग्रंथालयात सूचिकार होते. आयुष्यभर त्यांनी पुस्तकांची कार्डे लिहिली. एखादे पुस्तक चुकीच्या फडताळात गेल्याचे कळले की त्यांना जेवण गोड लागत नसे. चार माणसांत बोलायची वेळ आली की ते चष्मा पुसत बसत. मोरपिशीशी मात्र त्यांचे जमले, कारण तिला बोलावे लागत नव्हते.

मंगळवारी सकाळी केंद्राच्या डॉ. रुमाना मुकादम आल्या तेव्हा ते कोपरापर्यंत हात पाण्यात घालून छाटणी करत होते.

"काका, तुमच्याकडे हिचा रंग इतका गडद कसा? बाकीच्यांकडे पोपटी पडलीय."

"मी पाणी फार स्वच्छ ठेवत नाही," निनादराव पाण्याकडेच बघत म्हणाले. "प्रवाळ पाळणारे लोक पाणी आरशासारखं करतात. त्यात ही उपाशी मरते. हिला जरा मळकंच लागतं. माशांची घाण हेच हिचं जेवण. वर आठवड्यातून दोनदा लोहाचे थेंब."

"आणि मासे हिला खात नाहीत?"

"खाणारा मासा ठेवायचाच नाही. मी माझा पिवळा मासा देऊन टाकला. फार देखणा होता." त्यांनी कात्री दाखवली. "कात्री खालच्या आडव्या, दोरीसारख्या देठावर लावायची. ओढायचं नाही. ओढलं की चिरडते, आतला रस पाण्यात येतो आणि टाकी नासते. पण छाटायचं टाळायचंही नाही. गर्दी झाली की..."

"की दूध," रुमाना म्हणाल्या.

'दूध होणे' हा पालकांचा शब्द. मोरपिशी कितीही लांब पसरली, तिला शेकडो पिसे फुटली, तरी ते सगळे झाड म्हणजे एकच पेशी असते. आपले शरीर असंख्य पेशींच्या खोल्यांचे बनलेले; हिच्या घरात भिंतीच नाहीत. एकाच लांबलचक दालनात हजारो केंद्रके रसाबरोबर फिरत असतात. म्हणून तुकडा कापला तर जखम काही मिनिटांत बुजते आणि तुकड्याचे पुन्हा पूर्ण झाड होते. पण ते अपत्य नव्हे. ते तेच झाड, दुसऱ्या ठिकाणी.

अपत्य हवे असेल तर मोरपिशीला एकच मार्ग ठाऊक आहे. ती फळझाडासारखे फळ देऊन स्वतः मागे उरत नाही. ती स्वतःच संपते. अंधार, उपासमार किंवा गर्दी यांची चाहूल लागली की टोके पांढरी पडतात, आतला सगळा जीव बीजकणांत वाटला जातो आणि एका पहाटे झाड फुटते. टाकीतले पाणी दुधासारखे होते आणि खडकांवर नुसती पारदर्शक साल उरते. नराचे आणि मादीचे बीज पाण्यात भेटले तर नवे झाड. भेटले नाही तर तासाभरात सगळे संपते. हे होऊ नये म्हणून चोवीस तास दिवा. अंधारच पडला नाही तर मोरपिशीला मरायची आठवण होत नाही. पालकाचे सारे कसब म्हणजे तिला आईबाप होऊ न देण्याचे कसब होते.

"रविवारी दूध करायचंय, काका," रुमाना म्हणाल्या. "तिसरा प्रयत्न. समुद्राचं पाणी आता आहे तसंच राहणार, त्यामुळे ही झाडं त्यात जगणार नाहीत. पण हजारो अपत्यं झाली तर त्यातलं एखादं ऊन सोसणारं निघेल. प्रत्येक अपत्य म्हणजे नव्याने पिसलेला पत्त्यांचा डाव. फक्त पिसायला दोन वेगळे जोड हवेत. एकाच जोडातून तीच पानं पुन्हा येणार."

"मागच्या दोन्ही वेळी..."

"मागच्या वेळी तुम्हीच बरोबर सांगितलंत. पाणी जास्त, बीज विरळ. थोड्या फांद्यांनी भागत नाही. या वेळी सगळ्यांची अख्खी झाडं एका हौदात. मागे एक पीससुद्धा ठेवायचं नाही." त्या हसल्या. "तुम्ही पालक लोक हळवे. कुणीतरी वाटीत फांदी लपवून ठेवणार, म्हणून मी स्वतः घरोघर फिरतेय."

निनादरावांनी हात पाण्यातून काढला आणि चष्मा पुसायला घेतला. हात ओला असल्यामुळे चष्मा आणखीच धूसर झाला.

*

त्यांच्या जुन्या टेबलाच्या खणात एकतीस कार्डे होती.

पहिल्या कार्डावर केतकी आजगावकरांचे नाव होते. नऊ वर्षांपूर्वी त्यांचे यजमान पराग गेले. त्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले, कुणीतरी टाकीचा दिवा बंद केला, आणि केतकीताईंच्या लक्षात आले तेव्हा त्यांच्या टाकीतले, निवतीच्या कातळावरून आणलेले झाड दूध होऊन गेले होते. पंधरा दिवसांनी त्या निनादरावांकडे स्टीलच्या डब्यात मुगाचे लाडू घेऊन आल्या. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलल्या. मग खाली मान घालून म्हणाल्या, "माझ्याकडची गेली रे, निनाद. केंद्राला कुठल्या तोंडाने सांगू?"

भरून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हे निनादरावांच्या आईने त्यांच्या हाडीमासी मुरवले होते. काही नसेल तर चिमूटभर साखर घालून तरी द्यावा. त्या दिवशी त्यांनी डबा धुतला, टाकीतले पाणी भरले आणि पूर्णगडच्या मोरपिशीची एक चांगली फांदी त्यात सोडली. केतकीताईंच्या टाकीवर 'निवती, नर' ही पाटी तशीच राहिली.

मग आणखी डबे आले. मुरडीच्या करंज्या, फणसाची साठे, एकदा नुसतेच दही. प्रत्येकाचा काहीतरी अपघात झालेला आणि प्रत्येकाला लाज वाटलेली. नाही म्हणायला निनादरावांना धीर होत नसे. मात्र चुकीच्या फडताळातल्या पुस्तकाचीही नोंद हवी, या सवयीने ते प्रत्येक डब्याचे कार्ड करत आणि खण लावून घेत.

पहिल्या प्रयोगाच्या वेळी, बीजाची भेट झाली नाही म्हणून रुमाना रडवेल्या झाल्या होत्या आणि सगळ्यांना विचारत होत्या, काय चुकलं असेल? तेव्हा 'पाणी जास्त असेल' हे निनादरावच म्हणाले होते. त्या शांततेत काहीतरी बोलावे म्हणून. त्या वाक्यावर दुसरा प्रयोग झाला होता आणि आता तिसरा होणार होता.

त्यांनी पुन्हा हिशोब मांडला. बेचाळीसांतून एकतीस गेले, अकरा उरले. त्यांचे स्वतःचे झाड त्या अकरांतच. अकरांत पाच नर. पूर्णगडची मादी पुष्कळ आहे, पाच नर आहेत; म्हणजे जमायला हरकत नाही. हा हिशोब ते दिवसातून चार वेळा करत, आणि दर वेळी तो बरोबर येई, तरी ते खण उघडून कार्डे पुन्हा मोजत.

*

गुरुवारी ते केतकीताईंकडे गेले. त्या पडवीत कडवे वाल सोलत बसल्या होत्या.

"ये. बस, सोलायला लाग. फुकट बोलायचं नाही."

निनादरावांनी चार वाल सोलले. "ताई, मी डॉक्टरांना सांगावं म्हणतो. एकतीस डब्यांचं."

"एकतीस? तू मोजलेस?"

"कार्डं केलीत."

केतकीताई हसायला लागल्या. "पाप केलंस तेसुद्धा सूचीसकट."

"तरी अकरा उरतात. त्यांत पाच नर आहेत. म्हणून वाटतं, नाही सांगितलं तरी कदाचित..."

"कुठले पाच?"

"हर्णै, दाभोळ, काळबादेवी..."

"हर्णैचं राणेबाईंनी दोन वर्षांपूर्वी जयगडवाल्यांकडून घेतलं. जयगडवाल्यांचं तुझंच." केतकीताईंनी सालांची मूठ बाजूला टाकली. "दाभोळवाला गुरव माझ्याकडून घेऊन गेला. काळबादेवीचं मला विचारू नकोस, तो माणूस वारलाय."

"तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"मला सगळे सांगतात. तुला सांगत नाहीत, तू कार्ड करशील म्हणून."

निनादरावांनी हातातला वाल न सोलताच परातीत टाकला. पडवीच्या खिडकीतून आतल्या टाकीचा उजेड त्यांच्या पायांवर आला होता.

"मग तर सांगायलाच हवं," ते म्हणाले. "रविवारी सगळी एकदम अंधारात गेली आणि भेट झाली नाही, तर मागे काहीच उरणार नाही. जगात कुठेच नाही."

"सांग." केतकीताई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. "पहिल्या कार्डावर माझंच नाव आहे ना?"

"हवं तर ते कार्ड मी..."

"नको. असू दे पहिलं." त्यांना आणखी काही म्हणायचे होते असे वाटले. पण त्या उठल्या आणि वालांची परात घेऊन आत गेल्या. त्यांना लाज वाटली असणार, असे निनादरावांना वाटले, आणि त्यांना ती आपण आणली याचेही ओझे वाटले.

*

रविवारी दुपारी केंद्राच्या अंगणात लग्नघरासारखी गर्दी होती. पालक इस्त्रीचे कपडे घालून आले होते. कुणी बादलीत, कुणी पिंपात, बरेच जण डब्यांत झाडे घेऊन आले होते. राणेबाईंनी पेढे आणले होते. "मुलीकडचे इकडे, मुलाकडचे तिकडे," असे कुणीतरी म्हणाले आणि सगळे हसले.

हौदावर पत्र्याचे छप्पर होते आणि बाजूला गुंडाळलेले काळे कापड. सहा वाजता ते ओढायचे होते. मदतनीस एकेक झाड त्याच्या पाटीखाली लावत होते. तीन वाजेपर्यंत बेचाळीस पाट्यांखाली बेचाळीस झाडे ओळीने डोलू लागली.

निनादरावांनी काठावरून पाहिले. आजवर त्यांनी ही झाडे अशी शेजारीशेजारी कधी पाहिली नव्हती. पिसाच्या बुडाशी एक बारीक गाठ, आणि तिथून पीस किंचित डावीकडे झुकलेले. पहिल्या पाटीखाली तेच. सातव्या पाटीखाली तेच. ते हळूहळू चालत शेवटच्या पाटीपर्यंत गेले. मग खिशातून दोऱ्याने बांधलेली कार्डांची चळत काढून त्यांनी रुमानांपुढे धरली.

"हे जरा... वाचता का."

रुमानांनी उभ्याउभ्याच पहिले कार्ड वाचले, मग पुढचे. मग त्या पेढ्यांच्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसल्या.

"तारखा नऊ वर्षांच्या आहेत."

"हो."

"म्हणजे पहिल्या प्रयोगाच्या वेळी तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं, काका. काय चुकलं असेल म्हणून."

"हो."

"तुम्ही म्हणालात, पाणी जास्त असेल."

निनादरावांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. नुसता हातात धरून उभे राहिले. "या कार्डांबाहेरही आहेत," ते म्हणाले. "किती ते मला ठाऊक नाही. तपासल्याशिवाय कापड ओढू नका, एवढंच सांगायचं होतं."

रुमानांनी आवाज चढवला नाही. त्यांनी मदतनिसांना बोलावून प्रत्येक झाडाचे टोक कापायला सांगितले, वाळवलेल्या मूळ फांद्यांचे कपाट उघडायला सांगितले, आणि पालकांना चहा द्यायला सांगितले. तपासणीला अडीच तास लागले. अंगणातले हसणे हळूहळू थांबले. लोकांनी एकमेकांकडे बघणे टाळले, आणि त्यावरूनच निनादरावांना कळले की कार्डांबाहेरचे डबे कुणाकुणाकडे गेले होते.

पावणेसहाला रुमाना बाहेर आल्या. निनादराव आणि केतकीताई हौदाच्या कठड्यावर बसले होते.

"बेचाळीसच्या बेचाळीस एकच झाड आहे," त्या म्हणाल्या.

"पूर्णगडची मादी," निनादराव म्हणाले.

"नाही. पूर्णगडचं यात काहीही नाही. हे सगळं निवतीचं आहे. नर."

निनादरावांना वाटले, कपाटातल्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार. तसे ते म्हणणार तेवढ्यात केतकीताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अकरा वर्षांपूर्वी, पराग होता तेव्हा, तू कोल्हापूरला दवाखान्यात होतास ना, नऊ दिवस? हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा. तुझी टाकी मी बघत होते. चौथ्या रात्री दिवा जळून गेला. सकाळी येऊन बघते तो पाणी पांढरं. मी सगळं उपसलं, नवं पाणी भरलं आणि माझ्याकडची अर्धी आणून लावली. तू घरी आलास आणि पहिल्यांदा टाकीपाशी जाऊन म्हणालास, ताई, तुम्ही हिला माझ्यापेक्षा चांगली ठेवलीत. मग मी काय सांगणार होते?"

"म्हणजे नंतर मी तुम्हाला डब्यातून दिली ती..."

"माझीच. माझी मी घरी घेऊन गेले. रस्ताभर रडले. पराग गेला म्हणून रडतेय असं लोकांना वाटलं."

रुमाना दोघांच्या समोर उभ्या होत्या. त्या रागावतील अशी निनादराव वाट पाहत होते. त्यांना ते सोपे गेले असते. पण त्या म्हणाल्या, "अडीच तासांचं काम होतं. दोन्ही वेळी मी ते केलं नाही. पाटी आहे ना, मग तपासायचं कशाला, असं वाटलं."

काळे कापड गुंडाळलेलेच राहिले. त्याऐवजी हौदावर मोठे दिवे लावले.

"आता काय करायचं?" निनादरावांनी विचारले.

"आता दिवे चालू ठेवायचे. कुठे एखादी मादी सापडेपर्यंत."

"कुठे सापडेल?"

रुमानांनी वाकून हौदातले एक पीस बोटाने सरळ केले. "छाटत राहिलात तर हे झाड म्हातारं होत नाही, काका. शंभर वर्षं, पाचशे वर्षं. दर थोड्या महिन्यांनी टोकं पांढरी पडतील, त्याला सुटायचं असेल. तेव्हा उजेड वाढवायचा, जेवण वाढवायचं, आणि परत बसवायचं. तुम्ही करत होतात तेच. फक्त आता कशासाठी करतोय ते ठाऊक असेल."

*

झाडे डब्यांतून पुन्हा घरोघर गेली. एकच झाड बेचाळीस घरांत ठेवण्याची गरज नव्हती, दोन-चार टाक्या पुरल्या असत्या. पण दिवा बंद करायला कुणीच तयार झाले नाही.

पाट्या मात्र बदलायच्या होत्या. ते काम निनादरावांनी मागून घेतले. त्यांचे अक्षर अजूनही छापल्यासारखे होते. टेबलाशी बसून, पांढऱ्या रंगात बारीक कुंचला बुडवून, ते रोज चार पाट्या रंगवत. निवती, नर. निवती, नर. हर्णै, दाभोळ, काळबादेवी, जयगड ही नावे त्यांनी एकेक करून खरवडून काढली. पूर्णगडची पाटी सर्वांत शेवटी घेतली. पूर्णगडचे झाड कसे दिसत होते, त्याच्या पिसाला गाठ होती की नव्हती, हे आठवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. आठ वर्षे रोज पाहिलेले झाड त्यांना आठवले नाही. डोळ्यांपुढे दर वेळी हेच येई, समोरच्या टाकीतले, डावीकडे झुकलेले.

शनिवारी केतकीताई आपली पाटी न्यायला आल्या; मूळची निवतीची ती एकच, तरी निनादरावांनी बाकीच्यांबरोबर तीही नव्याने रंगवली होती. बरोबर डब्यात ओल्या नारळाच्या वड्या होत्या.

निनादरावांनी वड्या ताटलीत काढल्या आणि डबा धुतला. धुऊन झाल्यावर सवयीने त्यांचा हात कात्रीकडे गेला. टाकीत एका पिसाचे टोक किंचित पांढरे दिसत होते. त्यांनी कात्री जागच्या जागी ठेवली, दिव्याची खुंटी थोडी पिळून उजेड वाढवला, आणि टेबलावरच्या दोन पाट्या, त्यांची आणि स्वतःची, डब्यात ठेवून डबा केतकीताईंपुढे केला.

"यातली माझी कुठली?"

"कुठलीही घ्या. सारख्याच आहेत."

तरीही केतकीताईंनी चष्मा लावला, दोन्ही पाट्या टाकीच्या उजेडात धरल्या, आणि बराच वेळ बघून त्यांतली एक निवडून घेतली.